एकोणीस गुरुवार आणि एक शुक्रवार

हे प्रकरण एका लग्नाच्या तयारीचं आहे, पण यात सजावट, कपडे, सभागृह यांचा उल्लेख फारसा येणार नाही. सात जण दर गुरुवारी एकत्र जेवत होते आणि जेवता जेवता लग्नाचं ठरवत होते. त्या जेवणांचं काय झालं, ती मध्येच बेचव का झाली आणि पुन्हा कशी जमली, एवढंच मला मांडायचं आहे. त्या सातांमधली मी एक, नवरीची शाळेपासूनची मैत्रीण. पहिल्या संध्याकाळपासून मी नोंदी ठेवत होते, कारण हे दिवस पुन्हा येणार नाहीत हे मला तेव्हाच कळत होतं.

मंडळी आणि वेळ

लग्नाला साडेचार महिने बाकी होते. नवरी, होणारा नवरा आणि आम्ही पाच. पाचांतला एक स्वयंपाकात रमणारा, एक हिशेबाला पक्की, एक अशी की ती बोलायला लागली की सगळ्यांनी हातातलं काम सोडून ऐकावं, एक शांत मित्र, जो नवऱ्याचा सगळ्यात जुना सोबती, आणि मी. पाहुणे साधारण १२०. जेवणाचा बेत, बसण्याची व्यवस्था, निमंत्रणं आणि त्या दिवसाचं वेळापत्रक ही कामं आमच्याकडे होती. गुरुवार संध्याकाळ सातची वेळ ठरली. जागा नवरीचं स्वयंपाकघर. टेबल चौघांचं, त्यामुळे उरलेल्यांनी ओट्याला टेकायचं किंवा खिडकीत बसायचं.

पहिले चार गुरुवार काहीच ठरलं नाही आणि तरी ते चारही मला तपशिलासकट आठवतात. प्रत्येकानं काही ना काही आणायचं आणि एक भांडं तिथेच शिजवायचं अशी पद्धत आपोआप पडली. पहिल्या दिवशी हिशेबवाल्या मैत्रिणीनं माणशी ७५ ग्रॅम धरून सातांसाठी ५२५ ग्रॅम तांदूळ मोजले. नेहमीचा अंदाज तसाच असतो. भात साडेआठलाच संपला आणि आम्ही उरलेली भाजी नुसतीच खाल्ली. पुढच्या वेळी तिनं ७०० ग्रॅम घेतले, तेव्हा पुरला. माणूस सोबतीत जास्त खातो ही गोष्ट अभ्यासकांनी चांगली तपासलेली आहे. जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना रोजच्या खाण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. त्यांत सोबतीला माणसं जितकी जास्त, तितकं जेवण मोठं होत गेलेलं दिसलं. कारणही साधं आहे, बसणं लांबतं. पाहुण्यांच्या जेवणाचा अंदाज बांधताना हे पुढे आम्हाला फार उपयोगी पडलं, पण त्या दिवशी तो फक्त संपलेला भात होता आणि त्यावरून पंधरा मिनिटं चाललेलं हसणं होतं.

रॉबिन डनबार यांनी २०१७ मध्ये एकत्र जेवण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जे लोक इतरांसोबत जास्त वेळा जेवतात त्यांना आपल्या माणसांचा आधार जास्त वाटतो, आणि संध्याकाळच्या जेवणात हसणं आणि जुन्या आठवणी निघाल्या तर जवळीक अधिक वाढलेली जाणवते, असं त्यात आलं. आमच्या पहिल्या चार संध्याकाळी हे दोन्ही भरपूर होतं. नवऱ्यानं शाळेच्या सहलीत चुकीच्या बसमध्ये चढून दुसऱ्याच शाळेबरोबर अर्धा दिवस घालवला होता, ही गोष्ट नवरीला पहिल्यांदा तिथे कळली.

पाचव्या गुरुवारपासून

पाचव्या गुरुवारी यादीची वही आली. नवरीनं त्यात ६३ कामं लिहून आणली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. कामं होतीच, आणि ती रात्री तिला झोपू देत नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदा ताटांच्या आधी टेबलावर लॅपटॉप उघडले गेले. शिजवायला वेळ नाही म्हणून जेवण बाहेरून मागवलं, प्रत्येकाचं वेगळं, आपापल्या डब्यात, पैशाचे सात समान भाग. भाजी कशी होती हे मला आठवत नाही. निमंत्रणाच्या मजकुरावर दीड तास गेला आणि तो ठरला नाही, हे मात्र आठवतं.

सहावा, सातवा तसाच. सातव्याला शांत मित्र आला नाही. आठव्याला बोलकी मैत्रीण उशिरा आली आणि निघताना दारात नवरीला म्हणाली, "अगं, मी तुला भेटायला येते आणि कामांची यादी घेऊन घरी जाते." नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मग काय करू? लग्न आपोआप होणार आहे का?" दोघींचं खरं होतं, म्हणूनच कुणाला काही बोलता आलं नाही.

इथे थांबून कारणं बघायला हवीत, कारण आमचा पहिला उपाय चुकला तो कारण न शोधल्यामुळे. नवव्या गुरुवारी नियम केला की जेवताना लग्नाचा विषय काढायचा नाही. ती संध्याकाळ सगळ्यांत वाईट गेली. कुणी विषय काढत नव्हतं, पण सगळ्यांच्या डोक्यात तोच होता. नवरी दोनदा काही बोलायला गेली आणि गप्प बसली. चमच्यांचा आवाज ऐकू येत होता.

असं का झालं त्याचं उत्तर मला जुन्या मानसशास्त्रात सापडलं. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं की मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. या विचाराची सुरुवात वेटरांच्या निरीक्षणातून झाली असं सांगतात: बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते वेटरला तोंडपाठ, आणि पैसे हातात पडले की सगळं पुसलं जातं. झायगार्निक यांचा निष्कर्ष नंतरच्या सगळ्या प्रयोगांत सारखाच दिसला नाही. पण आमच्यासाठी महत्त्वाचा होता तो पुढचा धागा. ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बॉमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम डोक्यातून जायला ते पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी मन ते सोडून देतं.

म्हणजे आमचा नियम उलटा होता. विषय दाबून तो जात नाही, त्याला जागा नेमून दिली की जातो.

वही बंद

दहाव्या गुरुवारी आल्या आल्या, पाणी पिऊन, वही उघडली. घड्याळ लावून १५ मिनिटं. प्रत्येक बाकी कामापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, कोण आणि कुठल्या वारी. चर्चा नाही. ज्याला चर्चा लागेल त्यापुढे टिंब. १५ मिनिटांनी नवरीनं वही मिटून फ्रिजवर ठेवली. मला वाटतं, वही नजरेआड गेली हेही कामाला आलं. मग भांडी चढली. टिंब लावलेल्या कामांतलं फक्त एक जेवणानंतर चर्चेला घ्यायचं, एकच.

त्याच संध्याकाळी आम्ही डबे बंद करून पुन्हा एका भांड्यावर आलो. हा निव्वळ भावनेचा प्रश्न नव्हता. केटलिन वूली आणि आयेलेत फिशबाख यांच्या २०१९ च्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना पगाराची वाटाघाट करायला बसवलं होतं. काहींच्या पुढ्यात खाणं एकाच भांड्यात, काहींच्या वेगवेगळ्या. एका भांड्यातून खाणाऱ्यांचा समेट लवकर झाला. माझा अर्थ असा की सामाईक भांड्यातून वाढून घेताना दुसऱ्याचा अंदाज घ्यावाच लागतो, त्यानं किती घेतलं, त्याला अजून हवं आहे का, शेवटचा तुकडा कुणाचा. हीच सवय पुढे बोलण्यात उतरते. दीड तासात न ठरलेला निमंत्रणाचा मजकूर त्या दिवशी जेवणानंतर वीस मिनिटांत ठरला, आणि तो हिशेबवाल्या मैत्रिणीनं सुचवलेला होता, जिनं तोवर मजकुराबद्दल तोंडच उघडलं नव्हतं.

ती गप्प का होती, तेही कळलं. टेबलाभोवती सात जण असले की एक संभाषण चालत नाही. डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच नोंदवलं होतं की मोकळ्या गप्पांचा गट चारांच्या पुढे फारसा टिकत नाही, पाचवा माणूस आला की गट फुटतो किंवा कुणीतरी नुसता ऐकणारा होतो. आमच्याकडे ऐकणारे नेहमी तेच होते. म्हणून आम्ही चौघांच्या टेबलाला दोष देणं सोडलं आणि त्याचा फायदा घेतला: दोघं-तिघं ओट्याशी, बाकीचे टेबलाशी, आणि अर्ध्या तासानं अदलाबदल. कांदा चिरताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते. नवऱ्यानं भाषणाची भीती वाटते हे मला बटाटे सोलताना सांगितलं. मग आम्ही दिवसाच्या वेळापत्रकातून त्याचं भाषण काढून टाकलं. कुणाचंही काही अडलं नाही.

चवीची संध्याकाळ

सगळ्यांत मजा आली ती बाराव्या गुरुवारी. लग्नाच्या दिवशी जेवण करणाऱ्यांनी १४ पदार्थांचे नमुने पाठवले होते, त्यांतून सहा निवडायचे. हिशेबवाल्या मैत्रिणीनं गुणपत्रिका छापून आणल्या, प्रत्येक पदार्थाला १० पैकी. स्वयंपाकी मित्रानं सगळं गरम करून क्रमानं मांडलं: आधी सुपं, मग भाताचे प्रकार, मग भाज्या, शेवटी गोड. आम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं चाखत होतो. बोलकी मैत्रीण प्रत्येक घासानंतर डोळे मिटून एक वाक्य बोलायची आणि ते वाक्य ऐकण्यासाठी आम्ही आपले घास थांबवायचो. एका भाताला ती म्हणाली, "हा भात मला आवडतो, पण मी त्याला नाही." त्या भाताचं नाव पुढे तेच पडलं, आणि तो बेतात आला.

गुणांची बेरीज झाल्यावर मित्रानं सांगितलं की त्यानं एक परीक्षा घेतली होती. पहिलं सूप आणि पाचवं सूप एकच होतं. पहिल्याला आमची सरासरी ८.१ आली होती, पाचव्याला ६.३. नवरा तर पाचव्याला "पाणचट" म्हणाला होता.

एवढा आरडाओरडा त्या स्वयंपाकघरात आधी झाला नव्हता. पण यात शिकण्यासारखं बरंच होतं. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की जो पदार्थ आपण खातो त्याची गोडी इतर पदार्थांच्या मानानं झपाट्यानं उतरते. पोट भरलेलं असूनही वेगळ्या चवीला जागा सापडते ती त्यामुळेच. ओळीनं पाच सुपं चाखणाऱ्याची जीभ पाचव्याला न्याय देऊच शकत नाही. आम्ही गुणपत्रिका फाडल्या आणि तेराव्या गुरुवारी नमुने पुन्हा मागवले, या वेळी वरच्या आठ पदार्थांचेच. आंबट, सौम्य, तिखट, गोड असे आलटून पालटून. मध्ये पाणी आणि साध्या भाताचा एक घास. अर्ध्यांनी एका टोकापासून आणि अर्ध्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची. आधी आठव्या क्रमांकावर गेलेली एक भाजी दुसरी आली. लग्नात सगळ्यांत आधी तीच संपली.

लग्नाचा बेत ठरवणाऱ्या कुणालाही मी एवढं तरी नक्की सांगेन: भरल्या पोटी चाखू नका, एकाच जातीचे पदार्थ ओळीनं चाखू नका, आणि गुण लिहून होईपर्यंत आपसांत बोलू नका. शेवटची गोष्ट आम्हाला दोन्ही वेळा जमली नाही, आणि जमली नाही याचं मला वाईट वाटत नाही. आम्ही तिथे परीक्षक म्हणून बसलो नव्हतो.

मोठं पातेलं

पंधराव्या गुरुवारी कल्पना निघाली की एक पदार्थ आपण स्वतः करायचा, १२० जणांसाठी, आपल्या हातचा. सूप ठरलं. स्वयंपाकी मित्रानं पुढे एका रात्री २० लिटरचा सराव करून पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. सकाळी झाकण काढलं तेव्हा सूप अजून कोमट होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. सगळं ओतून द्यावं लागलं. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

त्याचा हात चांगला आहे, चूक मापाची होती. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की आतला ऐवज आठपट होतो, पण उष्णता बाहेर जायला मिळणारा पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणून सातांचं भांडं तासाभरात निवतं आणि २० लिटर रात्रभर कोमट राहतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वाढतात. म्हणून शिजलेलं अन्न ठेवायचं असेल तर ते दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत खाली आणावं, असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. उथळ पसरट भांड्यांत वाटून, थंड पाण्यात भांडं ठेवून, ढवळून. पुन्हा उकळून घेऊ म्हणणं धोक्याचं आहे, कारण काही जिवाणूंनी तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. घरच्या फ्रिजमध्ये ३० लिटर सूप वेळेत थंड करणं शक्यच नव्हतं. आम्ही सूप सोडलं. हौसेपायी पाहुण्यांना आजारी पाडण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि हे त्या मित्रानंच सगळ्यांत ठामपणे सांगितलं.

मग लिंबाचं सरबत. शिजवणं नाही, निववणं नाही. लिटरला चार लिंबं आणि १०० ग्रॅम साखर हे माप तीन वेळा करून जुळलं. १२० जणांना एकेक पेला म्हणजे ३० लिटर. काही जण दुसरा घेतील म्हणून ४०. १६० लिंबं, चार किलो साखर. आदल्या संध्याकाळी रस काढून फ्रिजमध्ये, सकाळी पाणी आणि साखर. हिशेबवाल्या मैत्रिणीनं दहा लिंबं धुऊन, चिरून, पिळून, गाळून वेळ लावून बघितली: नऊ मिनिटं. तीन स्क्विझर धरले तर साधारण पाऊण तास. मी तिला म्हटलं, दुप्पट धर. प्रबंध कधी पूर्ण होईल असं १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं. त्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपण कामाचा वेळ मोजतो, मध्ये येणारं आयुष्य मोजत नाही.

शुक्रवार

लग्न शनिवारी होतं. शुक्रवारी संध्याकाळी नवरीनं सगळ्यांना निरोप पाठवला: "काही आणू नका. फक्त हात धुऊन या."

सातव्या गुरुवारपासून न आलेला शांत मित्र त्या दिवशी सगळ्यांच्या आधी दारात उभा होता. निमंत्रणांची पाकिटं लिहिण्याचं त्याच्या वाट्याचं काम त्यानं घरी बसून, सुंदर अक्षरात, वेळेवर केलेलं होतं, पण जेवायला तो आला नव्हता. आम्ही कुणी फार विचारलंही नव्हतं. माझ्या नोंदीत सातव्या गुरुवारखाली मी लिहिलं होतं, "कंटाळला असावा."

लिंबं पिळायला पावणेदोन तास लागले. कुणाच्या बोटाला चीर होती, तो ओरडला. बोलकी मैत्रीण बिया मोजत होती आणि दोनशेच्या पुढे चुकली. शेवटच्या वीसेक लिंबांना नवरी, मी आणि तो शांत मित्र असे तिघंच ओट्याशी होतो. नवरी त्याला म्हणाली, "तू एवढे दिवस आला का नाहीस रे? आमचं काही चुकलं का?"

तो पिळता पिळताच म्हणाला, "नोकरी सुटली होती. बाहेरून मागवलं की सातवा हिस्सा द्यायचा. घरून आणायचं तर तेही विकत आणायचं. दर गुरुवारी नाही जमलं."

"मग सांगायचं ना!"

"लग्न तुमचं होतं. त्यात हे कुठे सांगू?"

नवरीनं हातातला स्क्विझर खाली ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं पुढचं लिंबू चिरून एक अर्ध त्याच्या हातात दिलं.

या प्रकरणात मी वेळ मोजला, तांदूळ मोजले, चवीचे गुण मोजले, कोण किती बोलतं तेही मोजलं. येणाऱ्याला एका गुरुवारचा खर्च किती पडतो हे मोजलं नाही. दहाव्या गुरुवारी आम्ही डबे बंद केले तेव्हा प्रश्न सुटला असं मी लिहिलं होतं. डबे गेले, पण प्रत्येकानं काहीतरी आणायची पद्धत तशीच राहिली, आणि तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही, कारण मला ती गोड वाटत होती. बोलक्या मैत्रिणीची नाराजी आम्हाला कळली, कारण ती दारात उभी राहून बोलली. त्याची कळायला बारा आठवडे आणि १६० लिंबं लागली. माझ्या नोंदीतली ती ओळ मी आता खोडली आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी नवरीचा निरोप आला. वेळ तीच, सातची. खाली तेच वाक्य होतं, काही आणू नका. मी पोचले तेव्हा तो आधीच आलेला होता आणि ७०० ग्रॅम तांदूळ धुऊन त्यानं पाणी चढवलं होतं.